काळी ती अधिक

मंगळवार, ७ मार्च

आधी एक दुरुस्ती. शनिवारच्या नोंदीत मी लिहिलं होतं की बाबांनी आवाज वाढवला, स्पीकरमधून शिट्टी निघाली आणि कडेच्या रांगेतले पाच जण कान दाबून उठले. हे चूक आहे. चार उठले. पाचव्या बाई फोन आला म्हणून उठल्या होत्या आणि त्यांनी एकच कान दाबला होता. लिहिताना मला हे माहीत होतं, पण पाच हा आकडा भरल्यासारखा वाटला. अशी सवय वेळीच मोडलेली बरी. रोजनिशी खोटी लिहायची तर लिहायचीच कशाला?

बाकी सगळं बरोबर आहे. शाळेचा बक्षीस समारंभ. मुख्याध्यापिका माइकवर. बाबा सभागृहात सगळ्यात मागे, अगदी मधोमध, आपल्या मिक्सरच्या टेबलाशी. बाई बोलल्या की बाबांचं बटण वर. आणखी वर. मी स्टेजच्या कडेला उभी राहून दोन्ही हातांनी 'कमी करा' दाखवत होते. त्यांनी दोन्ही हातांनी 'ऐकूच येत नाही' दाखवलं. मग शिट्टी.

नंतर सभागृहाच्या व्यवस्थापकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, बाबांचं वय काय झालं आता? मी म्हटलं, एकसष्ट. खरं तर साठ वर्षं आठ महिने. उद्या जाऊन दुरुस्त करायला हवं.

गुरुवार, ९ मार्च

दुरुस्त केलं. व्यवस्थापक म्हणाले, बरं.

आईचा निकाल झालेला आहे: कान गेले. ती म्हणाली, तीस वर्षं माझं ऐकलं नाही, आता कोणाचंच ऐकू येत नाही, देवाच्या घरी न्याय आहे म्हणायचा.

बाबा म्हणतात कान ठीक आहेत, आवाजालाच पोट राहिलेलं नाही. जानेवारीत आम्ही सभागृहात दोन नवे स्पीकर बसवले, एक डावीकडे, एक उजवीकडे. बाबा म्हणतात, तेव्हापासून आवाज समोर असतो आणि नसतोही, नुसता सांगाडा येतो. मी स्टेजच्या कडेला असते, मला उत्तम येतो. व्यवस्थापक दाराशी असतात, त्यांना उत्तम येतो. आई एकदा आली होती, खांबाशेजारी बसली, तिला जरा जास्तच आला. तीन विरुद्ध एक. ही मतं मोजून ठरवायची गोष्ट नाही हे मला कळतं. पण तीन म्हणजे तीन.

रविवार, १२ मार्च

आज मिक्सर मी सांभाळला!

कथाकथन स्पर्धा, अकरा स्पर्धक. व्यवस्थापक बाबांना म्हणाले, आज तुम्ही आरामात बसा, पोरीला करू दे. बाबा म्हणाले, करू दे की, मी काय तिला बांधून ठेवलंय? आणि बसले नाहीत, उभेच राहिले.

टेबल मी चार खुर्च्या डावीकडे सरकवलं, कारण प्लग पॉइंट तिथून जवळ. पहिला स्पर्धक बोलू लागला आणि काय सांगू, आवाज कसा भरीव, गोल! एकदाही शिट्टी नाही. बाबा वर्षानुवर्षं ज्या सभागृहाशी झगडत होते (दुरुस्ती: जानेवारीपासून. आधी झगडत नव्हते) ते मी एका दुपारी ताब्यात आणलं.

व्यवस्थापक म्हणाले, तुमचा कान सोन्याचा आहे. मी म्हटलं, छे हो. घरी येताना दुकानाच्या काचेत कान पाहिला.

त्याआधी सभागृहातच बाबांनी विचारलं होतं, वनटू, टेबल का सरकवलंस? (तीन वर्षांची असताना मला माइकसमोर उभं केलं होतं, मी वन, टू म्हटलं आणि पुढे काही सुचलं नाही. तेव्हापासून हे नाव.) मी प्लगचं सांगितलं. ते हं म्हणाले, जुन्या जागी जाऊन उभे राहिले, आणि मान कधी इकडे कधी तिकडे कलती करून ऐकू लागले. फार वाईट वाटलं. संकल्प: यापुढे बाबांशी मोठ्याने आणि सावकाश बोलायचं.

बुधवार, १५ मार्च, दुपारी ३

लिहिताना स्क्रूड्रायव्हर अजून हातातच आहे. (दुरुस्ती: मांडीवर आहे. हातात पेन आहे.)

सभागृह रिकामं होतं. दोन्ही स्पीकरमधून चाचणीचा आवाज लावला, नळ सोडल्यासारखा सलग, आणि खुर्च्यांमधून चालत गेले. डावीकडे ठीक. मधोमध आले आणि कोणीतरी आवाजावर उशी दाबली. एक पाऊल उजवीकडे टाकलं, आवाज परत. पुन्हा मध्ये, पुन्हा उशी. बाबांच्या खुर्चीपासून स्टेजपर्यंत, सरळ रेषेत, माणूसभर रुंदीचा एक बोळ आहे आणि त्यात आवाज मरतो.

कारण मला माहीत असलंच पाहिजे, बाबांनीच शिकवलंय. एका स्पीकरचा पडदा पुढे ढकलतो तेव्हा दुसऱ्याचा मागे ओढत असेल, तर त्याला फेज उलटा म्हणतात. कडेला बसलं तर एकाचा आवाज आधी येतो, एकाचा नंतर, निभावतं. मधोमध दोघांचे आवाज एकाच क्षणी पोचतात आणि एकमेकांना खातात. बाबांच्या भाषेत, दोन जावा. एकीने हो म्हटलं की दुसरी नाही म्हणणार, आणि मधल्या माणसाने उपाशी झोपायचं.

उजव्या स्पीकरच्या केबलचे दोन्ही प्लग उघडले. एका टोकाला काळी वायर अधिकवर. दुसऱ्या टोकाला लाल.

ही केबल मी केली आहे. एकटीने.

कसं झालं ते लिहिते. जगात लाल वायर अधिक असते. आमच्या घरात काळी. आजोबांनी घेतलेल्या पहिल्या रिळात लाल नव्हतीच, एक काळी आणि एक पांढरी, त्यांनी काळीला अधिक मानलं आणि तोच घरचा कायदा झाला. बाबा म्हणतात, दोन्ही टोकं सारखी असली की झालं, स्पीकर काय रंग बघायला येतो? मी अक्षरं शिकले तीच केबलवरच्या चिठ्ठ्यांवरून, पहिला शब्द 'डावा', दुसरा 'उजवा'. शाळेत बाईंनी फळ्यावर लाल खडूने अधिकचं चिन्ह काढलं तेव्हा मी उभी राहून हरकत घेतली होती. जानेवारीत मी या केबलचं एक टोक जोडलं, मग आठ दिवसांच्या साउंडच्या कोर्सला गेले, आणि परत आल्यावर दुसरं टोक जोडलं. एक टोक घरचं, एक कोर्सचं.

म्हणजे बाबांचे कान ठीक आहेत.

प्लग बंद केले. स्क्रू नीट आवळले. ढिला स्क्रू मला खपत नाही.

आज संध्याकाळी सातला, चहा झाला की, सरळ सांगणार.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.४०

बाबा झोपले होते. (दुरुस्ती: डोळे मिटून बसले होते. पाय हलत होता.)

गुरुवार, १६ मार्च

केबल लगेच दुरुस्त का केली नाही, हे इथे स्पष्ट नोंदवून ठेवते, म्हणजे उगाच गैरसमज नको (माझाच).

एक, तो पुरावा आहे. पुरावा हलवायचा नसतो. उद्या बाबा म्हणाले दाखव, तर काय दाखवणार? दोन, नुसतं तोंडी सांगणं म्हणजे अंदाज. मोजमापं हवीत. प्रत्येक खुर्चीवर आवाज किती येतो त्याचा तक्ता करणार. चारशे बारा खुर्च्या आहेत. तीन, माझी सगळी सेटिंग या आवाजावर बसवलेली आहे. नव्या आवाजात पोट कमी वाटलं म्हणून मी खालचे सूर भरपूर चढवून ठेवलेत. वायर फिरवली तर ते सगळं कोसळेल, आणि रविवारी कार्यक्रम आहे. लोकांचा विचार करायलाच हवा.

तक्ता झाला की सांगणार. रविवार, २६ मार्च.

रविवार, २६ मार्च

एकशे नव्वद खुर्च्या झाल्या.

मधल्या खुर्च्यांवर कोण बसतं ते विचारून आले. पाहुणे. गेल्या दोन महिन्यांत एकाही पाहुण्याने तक्रार केलेली नाही. सगळे म्हणाले, भाषण फार छान झालं.

घरी सगळे बाबांशी ओरडून बोलतात. शेजारचे काका जिन्यात भेटले की तोंडाचा भोंगा करून विचारतात, काय म्हणता! बाबा म्हणतात, हळू बोला, ऐकू येतंय. काका आईकडे वळून म्हणतात, ह्यांना असंच वाटत असतं सुरुवातीला.

अडचण अशी की बाबांना घरात खरंच सगळं ऐकू येतं. काल आई आतल्या खोलीत दार लावून मावशीशी फोनवर बोलत होती, अगदी हळू, की आता ह्यांना कुठल्या कोपऱ्यात बसवायचं ते बघायला हवं. बाबांनी बाहेरून विचारलं, कोपरा हवेशीर आहे का? आई मला म्हणाली, बघितलंस? नको ते बरोबर ऐकू येतं. बहिऱ्यांचं असंच असतं.

मी उठून खुर्च्यांची बेरीज पुन्हा तपासली. तक्ता अपुरा होता.

शनिवार, १ एप्रिल

व्यवस्थापकांनी घरी येऊन सांगितलं की पुढच्या रविवारी सभागृहातर्फे बाबांचा सत्कार. तीस वर्षांची सेवा. आवाजाचं काम यापुढे कन्येकडे. बाबांनी विचारलं, मला काढलं का? व्यवस्थापक ओरडून म्हणाले, नाही नाही, सन्मान! बाबा म्हणाले, सन्मान हळू केला तरी चालेल.

आज नक्की सांगणार होते. पण एक एप्रिल. थट्टा वाटली असती.

शनिवार, ८ एप्रिल

तक्ता पूर्ण. चारशे बारा खुर्च्या, सेहेचाळीस पानं, तीन रंगांत. फाइलला लावायला निळी फीत आणली.

उद्या सत्कारात बाबांना मधल्या सोफ्यावर बसवणार आहेत. तिथे त्यांना त्यांचंच कौतुक ऐकू येणार नाही. हे मी होऊ देणार नाही. सकाळी नऊला जाऊन वायर फिरवणार. दोन मिनिटांचं काम आहे.

रविवार, ९ एप्रिल

नऊला गेले. (नऊ वीस.) स्क्रूड्रायव्हर पर्समध्ये होता. पण व्यवस्थापक उजव्या स्पीकरखालीच उभे राहून हार मोजत होते. हलेनात. आणि खरं सांगायचं तर चार आठवड्यांचं सेटिंग बाबांच्याच सत्कारात कोसळलं असतं तर ते त्यांना आवडलं असतं का? मी हा त्यांच्या बाजूने विचार केला.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून मधल्या सोफ्यावर. शेजारी आई. व्यवस्थापक वीस मिनिटं बोलले. माझ्या टेबलाशी आवाज अप्रतिम. एकेक अक्षर मोत्यासारखं. व्यवस्थापक म्हणाले, ज्या माणसाने अख्ख्या गावाला ऐकवलं त्यालाच ऐकू येईना, हे म्हणजे आचारी उपाशी मेल्यासारखं झालं. लोक हसले. बाबांनी मागे वळून हसणारे चेहरे पाहिले आणि टाळ्या वाजवल्या. मग लोक आणखी जोरात हसले.

शाल, नारळ वगैरे नाही. मखमली डबी. आत कानाचं यंत्र. स्टेजवरच घाला म्हणून आग्रह झाला. बाबांनी घातलं. यंत्राने शिट्टी मारली. सभागृह लोळलं.

मग बाबा बोलले, दोनच वाक्यं. म्हणाले, मिक्सर नेहमी मधोमध लावावा, तिथे आवाज खरा असतो, असं मला माझ्या वडिलांनी शिकवलं. आता मला तिथे काही ऐकू येत नाही, म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार, तुम्हाला त्रास झाला असेल तर माफ करा.

इतका स्वच्छ आवाज मी आजवर मिक्स केलेला नाही.

मंगळवार, ११ एप्रिल

यंत्र कानाला बसवून घ्यायला कानाच्या डॉक्टरांकडे. आई, बाबा, मी. काचेच्या खोलीत बसवून बारीक आवाज ऐकवले, ऐकू आला की बटण दाबायचं. बाबांनी प्रत्येक आवाजाला दाबलं. डॉक्टर म्हणाल्या, हे कान पंचविशीतल्या माणसाचे आहेत, यंत्र परत करा.

घरचे नाराज. मी स्वतः थोडा कमी निकाल धरून चालले होते. अगदी थोडा. सगळ्यांचीच सोय झाली असती.

आईने विचारलं, मग सभागृहात का नाही ऐकू येत? डॉक्टर म्हणाल्या, आवाज कानापर्यंत पोचतो, तो पुढे डोक्यात पोचतो का ते बघायला हवं. मेंदूच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी दिली. वेळही घेऊन दिली. बाबा म्हणाले, डोकं ठणठणीत आहे माझं, मी जाणार नाही. पण चिठ्ठी फाडली नाही. घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली.

रिक्षात सांगणार होते. रस्ता फार गोंगाटाचा.

शनिवार, १५ एप्रिल

बाबा सभागृहातून आपलं सामान घेऊन आले. खुर्चीवरची उशी, सोल्डरिंगची कावीळ झालेली जुनी पेटी (पिवळी पडलेली, एवढंच म्हणायचं होतं), आणि उजव्या स्पीकरची केबल. माझी.

म्हणाले, तू सभागृहासाठी केलेली पहिली केबल, काचेच्या चौकटीत लावणार भिंतीवर. तिच्या जागी माझी जुनी लावून आलोय, काळजी नको.

म्हणजे आता दोन्ही स्पीकर सरळ. एका अर्थी प्रश्नच सुटला. सांगण्यासारखं राहिलं काय? तरीही सांगणार. तत्त्व म्हणून.

रविवार, १६ एप्रिल

वक्तृत्व स्पर्धा. पहिला स्पर्धक 'आदरणीय' म्हणाला आणि सभागृह रेड्यासारखं हंबरलं. दोन्ही स्पीकर एकमेकांना साथ देऊ लागले आणि मी चढवून ठेवलेले खालचे सूर सगळे एकदम उसळले. मी बटण खाली आणलं, घोगरेपणा तसाच. दुसरं बटण फिरवलं, शिट्टी. अकरा जण उठले. यावेळी नीट मोजले.

मधल्या सोफ्यावरचे परीक्षक मात्र व्यवस्थापकांना म्हणाले की आज पहिल्यांदाच इथे शब्द कळले.

व्यवस्थापकांनी मला बाजूला घेतलं. अगदी प्रेमाने विचारलं, तुमच्या घराण्यात कान लवकरच जातात का? आणि ती मखमली डबी माझ्यासमोर धरली. परत आलेलीच आहे, म्हणाले.

मंगळवार, १८ एप्रिल

सकाळी बाबा जेवणाच्या टेबलावर चौकट बनवत होते. केबलचे दोन्ही प्लग उघडले, आतलं सोल्डरिंग लोकांना दिसावं म्हणून. मी समोर भाजी निवडत होते. ते थांबले. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

म्हणाले, वनटू, हे बघ. एक टोक उलटं आहे.

मी बघितलं. फाइल माझ्या खोलीत होती, निळ्या फितीसकट. मला वाटलं, आणावी.

बाबाच बोलू लागले. म्हणाले, लाल अधिक ते टोक तुझं, तू कोर्स करून आलेली. हे काळीवालं घरच्या पद्धतीचं. घरची पद्धत म्हणजे माझा हात. मीच मध्ये कधीतरी हे टोक जोडलेलं दिसतं. मग म्हणाले, पण मला आठवतच नाही गं. काही म्हणजे काही आठवत नाही.

आई चहा गाळत होती, ती न ओरडता म्हणाली, अहो, जाऊन तर येऊ डॉक्टरांकडे. कितीतरी दिवसांनी ती त्यांच्याशी हळू बोलली. बाबांनी चष्म्याच्या डबीतून चिठ्ठी काढली. परवाची वेळ, सकाळी दहा. जातो म्हणाले.

दुपारी त्यांनी व्यवस्थापकांना पत्र लिहिलं: माझ्या हातून केबल उलटी जोडली गेली, त्यामुळे मधल्या रांगेतल्या श्रोत्यांना साडेतीन महिने ऐकू आलं नाही, मुलीचा यात काही दोष नाही, तिचं काम तिच्याकडेच ठेवावं. मला म्हणाले, एकदा वाचून बघ, हल्ली माझा भरवसा नाही. पत्रात दोन चुका होत्या. स्पीकर बसवल्याची तारीख त्यांनी चोवीस जानेवारी लिहिली होती, ती पंचवीस आहे. साडेतीन महिनेही होत नाहीत, पावणेतीन होतात. दोन्ही मी लगेच सुधारलं. बाबा तारखेकडे बघत राहिले, मग म्हणाले, बघ, हेही गेलं.

पत्र मी उद्या स्वतः पोचवणार आहे. टपालाचं काही खरं नसतं.

आता सांगण्याबद्दल. आज सांगणं योग्य नव्हतं. परवाच्या तपासणीत डॉक्टर विसरभोळेपणाबद्दल विचारतील, त्याआधी बाबांना काही सांगितलं तर निकालावर परिणाम होईल, आणि तपासणी ही निष्पक्ष व्हायला हवी. घरच्यांनाही विचारतात म्हणे. मला विचारलं तर मी खरं तेच सांगणार: केबल जोडल्याचं त्यांना आठवत नाही. यात एक शब्दही खोटा नाही.

तपासणी तासभर चालते. पंधरा मिनिटं इकडे तिकडे. म्हणून दिवस आणि वेळ पक्की करून इथे लिहून ठेवते, यात आता दुरुस्ती नाही: गुरुवार, २० एप्रिल, सकाळी सव्वा अकरा, दवाखान्याच्या पायऱ्यांवर. फाइल बरोबर नेणार.